नवीन फोन घेतला तं पयले हे पाय

अबे भाऊ, नेट भेटलं म्हणून एकदम धा साइटी उघडू नको, पयले अरविंद गुप्तांची खेळण्यांची साइट पाय. आयआयटी कानपूरचा इंजिनियर माणूस, २०१८ ले पद्मश्री भेटली, अन् शिकवते काय तं आगपेटीच्या काड्या न सायकलच्या वालट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण-चौकोन करणं, खर्च जवळपास काहीच नाही न पोट्टे दुपारभर जाग्यावरून हलत नाहीत. पुस्तकंबी फुकट, मराठीतलीबी हायेत, रेंज असली की डाउनलोड करून ठेव म्हणजे नेट गेलं तरी वाचता येते. मराठी विश्वकोश ऑनलाइन हाये, भाषा जराशी जड, पण कापूस टाक नाहीतं तूर, माहिती पक्की भेटते. सकाळी पाचले उठा सांगणारे व्हिडिओ मात्र राहू दे, वावरात जाणाऱ्याले ते काय सांगतीन!