संरक्षित क्षेत्रात स्थानिक माशांचं बीजकेंद्र दीर्घकाळ टिकेल का?

तुम्ही विचारलंय की संरक्षित जंगलातल्या नदीत कमी होत चाललेल्या स्थानिक माशासाठी तिथेच बीजकेंद्र, म्हणजे माशांची पिल्लं तयार करण्याची जागा, काढलं तर ते टिकेल का. टिकेल, पण ते कधी बंद करायचं हे पहिल्याच दिवशी ठरवलेलं असलं तरच. बंधाऱ्याने वाट अडली असेल, अंडी घालायची वाळू उपसली गेली असेल किंवा बाहेरचा शिकारी मासा शिरला असेल, तर आधी ते कारण दूर करा. नाहीतर दरवर्षी बोटुकली (बोटभर लांबीची पिल्लं) सोडणं म्हणजे तळ फुटलेला रांजण भरत बसणं.

सगळ्यात जास्त चुका प्रजनक, म्हणजे ज्यांच्यापासून पिल्लं घ्यायची ते नर-मादी मासे, निवडताना होतात. पन्नास मासे पकडले म्हणजे पुरेसे, असं वाटतं. पण पुढच्या पिढीत खरोखर हातभार किती माशांइतका लागतो, तो आकडा मोजायचा असा: नर आणि माद्या यांचा गुणाकार, गुणिले ४, भागिले एकूण मासे. २५ नर आणि २५ माद्यांचे ५० येतात, म्हणजे दर पिढीला आप्तसंकर (जवळच्या नात्यातलं प्रजनन) सुमारे १ टक्का वाढतो. २ नर आणि ४८ माद्या वापरल्या, तर मासे तेवढेच, पण हा आकडा पावणेआठच्या आसपास येतो आणि आप्तसंकर साडेसहा टक्क्यांवर जातो. म्हणून अनेक नरांचं शुक्रद्रव एकाच भांड्यात मिसळू नका. एखाद्याच नराचे शुक्राणू बाजी मारतात आणि बाकीचे नर नावापुरते उरतात. प्रत्येक मादीच्या अंड्यांचे तीन-चार वाटे करा आणि प्रत्येक वाट्याला वेगळा नर द्या. प्रजनक हंगामाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असे तिन्ही वेळा पकडा. लवकर येणारेच घेतले, तर पुढच्या पिढ्यांचा विणीचा काळ आक्रसत जातो.

केंद्रात जन्मलेल्या माशांना पुन्हा प्रजनक म्हणून वापरू नका. अमेरिकेतल्या हूड नदीच्या स्टीलहेड नावाच्या ट्राउट माशांवर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बंदिस्त वाढलेल्या प्रत्येक पिढीगणिक निसर्गातली प्रजननक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटलेली दिसली. टाकीत जे गुण उपयोगी पडतात तेच नदीत अंगाशी येतात.

आणि ‘स्थानिक’ म्हणजे त्याच नदीचा, शक्यतो त्याच उपनदीचा. कावेरीत बाहेरून आणून सोडलेल्या निळ्या परांच्या महसीरमुळे तिथल्या मूळच्या कुबडाच्या महसीरवर संकट आलं. दोन्ही महसीरच, तरीही.

पाणी उताराने घ्या, पंपावर अवलंबून राहू नका. दाट भरलेल्या टाकीत प्रवाह थांबला तर अर्ध्या तासातही मासे तोंड वर काढू लागतात. किती पाणी घ्यायचं ते पावसाळ्यात नव्हे, ओढा सर्वांत आटलेला असताना मोजून ठरवा. वापरलेलं पाणी गाळ बसवायच्या टाकीतून काढून, जिथून उचललं त्याच्या शक्य तितक्या जवळ परत सोडा, म्हणजे मधला पट्टा कोरडा पडत नाही. रोगजंतू मारणारा अतिनील दिवा गढूळ पाण्यात काम करत नाही. त्याच्या आधी वाळूची गाळणी हवीच. पहिल्या पुरात गाळ अंड्यांवर बसला की अंडी गुदमरतात, म्हणून त्या आठवड्यांसाठी गाळलेल्या पाण्याची साठवण टाकी ठेवा.

मेलेली अंडी पांढरी पडतात, त्यांच्यावर बुरशी येते आणि ती शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरते. रोज वेचून काढा. बुरशीवर वापरलं जाणारं मॅलाकाइट ग्रीन हे रसायन टाळा: ते विषारी आहे आणि शेवटी ओढ्यातच जातं. पिल्लांच्या खाद्यासाठी बाहेरच्या तळ्यातलं प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) किंवा चिखल आणू नका, त्याबरोबर परके जीव आणि रोगजंतू येतात. त्याच ओढ्याच्या पाण्यात खाद्य वाढवा.

सोडताना पिशवीतल्या आणि नदीतल्या पाण्यात दोन अंशांहून जास्त फरक असेल, तर थोडं थोडं नदीचं पाणी मिसळत अर्धा तास थांबा. एकाच डोहात सगळी ओतू नका. सोडलेला प्रत्येक मासा ओळखता आला पाहिजे. पालकांच्या परांचे छोटे तुकडे अल्कोहोलमध्ये जपून ठेवले तर पुढे पिल्लांचे पालक जनुकीय चाचणीने शोधता येतात.

बंद करण्याची अट लेखी ठेवा. उदाहरणार्थ, सलग तीन हंगाम नदीत न सोडलेली, तिथेच जन्मलेली पिल्लं सापडली की सोडणं थांबवायचं. आणि मूळ कारण ठरलेल्या मुदतीत हटलं नाही, तरीही थांबवायचं.