रीनॉर्मलायझेशन: एकाआड एक बघायचं आणि भिंग लावायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: क्वांटम फील्ड थिअरीत अनंत राशी आवरायला जे रीनॉर्मलायझेशन वापरतात, त्याचा स्थिर गती आणि केऑसशी (सुरुवातीच्या किंचित फरकाने पार बदलणाऱ्या गतीशी) काय संबंध? रीनॉर्मलायझेशन ऑपरेटरची (एका फलनातून दुसरं फलन बनवणाऱ्या कृतीची) व्याख्या तीनदा वाचूनही काही पदरात पडलं नाही, असंही तुम्ही लिहिलंय. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी विषय सुंदर आहे, तेव्हा सविस्तर लिहितो.

व्याख्या सध्या बाजूला ठेवा. साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर घ्या. तुम्ही डोंबिवलीहून कलिन्याला विद्यापीठात येता. बसायला जागा मिळाली तर कुर्ला येईपर्यंत हे होतं. मीही एम.एस्सी.ला असताना लोकलमध्येच केलं होतं. ०.५ टाकून बरोबरचं बटण दाबा. मग ३.२ × आन्सर × (१ − आन्सर) लिहा आणि बरोबर, बरोबर दाबत राहा. ०.८, ०.५१२, ०.७९९५… थोड्याच वेळात ०.५१३० आणि ०.७९९५ हे दोनच आकडे आलटून पालटून येतात. ३.२च्या जागी ३.५ घातलं की चार आकड्यांचं चक्र मिळतं. या गुणकाला आपण आर म्हणू.

आता दादरच्या फलाटावर उभे आहात असं समजा. एक गाडी ठाण्याची, एक कल्याणची, पुन्हा ठाण्याची, असा क्रम चाललाय. तुम्ही एकाआड एकच गाडी बघायची ठरवली तर तुमच्यापुरत्या सगळ्या गाड्या ठाण्याच्याच. दोनाचं चक्र एकाचं झालं, चाराचं दोनाचं होईल. रीनॉर्मलायझेशनचा पहिला अर्धा भाग एवढाच: फलन (म्हणजे वरचं कॅल्क्युलेटरवरचं सूत्र) एकदा लावण्याऐवजी दोनदा लावून मगच बघायचं.

दुसरा अर्धा भाग भिंगाचा, आणि खरी गंमत तिथे आहे. आर = ३.२३६०६८ घ्या (म्हणजे १ + √५). इथे ०.५वरून ०.८०९ आणि तिथून नेमकं परत ०.५. आता दोनदा लावलेल्या फलनाचा आलेख काढा, पण फक्त ०.३०९ ते ०.६९१ या पट्ट्यात. दोन्ही टोकांना उंची ०.६९१, मध्ये ०.५पर्यंत खाली गेलेली वाटी. वाटीची खोली ०.१९१, पट्ट्याची रुंदी ०.३८२, म्हणजे खोली रुंदीच्या बरोबर निम्मी. आता आर = २चा मूळ आलेख बघा: रुंदी १, उंची ०.५. जवळजवळ तोच आकार, फक्त उलटा आणि २.६१८ पटींनी लहान. हा आलेख ग्राफपेपरवर हाताने काढा, प्लॉट करून घेऊ नका. पट्टीने मोजताना जे समजतं ते स्क्रीनवर बघून समजत नाही. (२.६१८ हा सुवर्ण गुणोत्तराचा, म्हणजे १.६१८चा, वर्ग असला तरी खाली जे सुवर्ण गुणोत्तर येणार आहे त्याच्याशी गल्लत करू नका.)

आर = ३.५६९९४६ (चक्र दुप्पट होत होत जिथे अनंत लांबीचं होतं तो उंबरठा) घेऊन हीच कृती पुन्हा पुन्हा केली की भिंगाची पट २.५०२९…वर स्थिरावते, आणि आलेखही एका ठरावीक आकारावर येतो. त्यावर आणखी एकदा तीच कृती केली तरी तो बदलत नाही. म्हणजे रीनॉर्मलायझेशन ही स्वतःच एक गती झाली. तिच्यात बिंदूंच्या जागी अख्खी फलनं फिरतात. ही पायरी ओलांडली की ऑपरेटरची व्याख्या आपोआप वाचता येईल.

त्या स्थिर फलनाच्या जवळपासच्या बाकी सगळ्या फरकांचं काय होतं? दर फेरीला ते विरत जातात. फक्त एकाच दिशेतला फरक वाढतो, दर फेरीला ४.६६९२ पट. आरच्या ज्या किमतींना चक्र दुप्पट होतं त्या बघा: ३, ३.४४९५, ३.५४४१, ३.५६४४, आणि शेवटी ३.५६९९४६. लागोपाठच्या अंतरांची गुणोत्तरं ४.७५, ४.६६… अशी त्याच आकड्याकडे जातात. कारण सरळ आहे: एक फेरी चक्र निम्मं करते आणि उंबरठ्यापासूनचं अंतर ४.६६९२ पट करते. फलन बदललं तरी, शिखर वर्गाच्या जातीचं (माथ्याजवळ परवलयासारखं) असेल तर, आकडा तोच. शिखर चौथ्या घाताचं केलं की तो ७.२८४७ होतो.

भौतिकशास्त्रज्ञ फायगेनबाम यांना हा आकडा १९७५मध्ये एचपी-६५ कॅल्क्युलेटरवर सापडला. यंत्र इतकं सावकाश होतं की पुढची किंमत आधी अंदाजाने धरावी लागे; त्या अंदाजातूनच गुणोत्तर दिसलं. कूले आणि त्रेसेर त्याच सुमारास स्वतंत्रपणे तिथे पोचले होते. कल्पना आली भौतिकशास्त्रज्ञ कडानॉफ आणि विल्सन यांच्याकडून: चुंबकातले शेजारी शेजारी स्पिन (अणूंची छोटी चुंबकं) गटाने बघायचे आणि मोजपट्टी बदलायची. तुम्ही विचारलेलं नातं ते हेच. अनंत राशी आवरणं हा त्या विचाराचा एक उपयोग आहे, गाभा नव्हे. लॅनफर्ड यांनी १९८२मध्ये संगणकाच्या मदतीने काटेकोर सिद्धता दिली. ती प्रोजेक्टसाठी घेऊ नका, फार जड आहे.

आता स्थिर गती. स्टँडर्ड मॅप घ्या, म्हणजे ठरावीक वेळाने धक्के बसणाऱ्या फिरत्या दांड्याचं सूत्र; त्यात धक्क्याचा जोर के. के शून्य असताना सगळ्या कक्षा गुळगुळीत वक्रांवर असतात. कोल्मोगोरोव, आर्नोल्ड आणि मोझर यांच्या सिद्धांतानुसार के लहान असेल तोवर पुरेशा अपरिमेय गतीचे वक्र टिकून राहतात. यातला सुवर्ण गुणोत्तराचा वक्र सर्वांत चिवट. ग्रीन यांनी १९७९मध्ये काढलं की तो के = ०.९७१६ला तुटतो. इथे एकाआड एक बघून भागत नाही. १, २, ३, ५, ८, १३ अशा फिबोनाची पावलांनी बघायचं आणि दोन दिशांना वेगवेगळं भिंग लावायचं. के कमी असेल तर दर फेरीला वक्र अधिकाधिक सरळ दिसतो, आणि फेऱ्या एका साध्या स्थिर बिंदूकडे (कृती केली तरी न बदलणाऱ्या रूपाकडे) जातात. नेमकं ०.९७१६ला मात्र कितीही मोठं केलं तरी तो सरळ होत नाही, दर पातळीवर त्याच सुरकुत्या. तो दुसरा स्थिर बिंदू. मॅकाय यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तो मांडला. त्याच्यापलीकडे वक्र उरतच नाही, भोकं पडतात आणि कक्षा त्यांतून पलीकडे निसटतात.

मला हा विषय इतका आवडतो तो यासाठी: स्थैर्य आणि केऑस यांच्यामधली सीमा एकाच कृतीने दोन्ही ठिकाणी दिसते. विषय जुना झालाय असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. गणितज्ञ अविला यांच्या २०१४च्या फील्ड्स पदकाच्या (गणितातल्या सर्वोच्च सन्मानांपैकी एक) गौरवपत्रात रीनॉर्मलायझेशनचा स्पष्ट उल्लेख आहे.

प्रोजेक्टची सुरुवात आर × साइन(π क्ष) या फलनापासून करा. ०.५वरून निघून दोन पावलांत ०.५ला परत आणणारा आर शोधा. ०.७७७७च्या आसपास मिळाला तर वाट बरोबर आहे. मग चार पावलांचा, आठ पावलांचा शोधा आणि अंतरांची गुणोत्तरं इथेच टाका, मी बघतो.