‘साजरा’ करणे म्हणजे नेमके काय करणे?

एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. त्यांना शाळेत ‘ऋतू, सण आणि आपण’ या विषयावर मुलांशी बोलायचे आहे: सणांचा अर्थ काय, त्यातून आपल्याला काय मिळते. भाषण लिहिताना त्यांनी एक वाक्य लिहिले, “आपण सण साजरे करतो, जयंत्या-पुण्यतिथ्या साजऱ्या करतो.” सहकाऱ्याने ‘पुण्यतिथ्या साजऱ्या’ या शब्दांखाली रेघ ओढली आणि ‘पाळतो’ करा असे सुचवले. त्यांना विचारायचे आहे की हे खरोखर चूक आहे का, साजरा या शब्दाचा मूळ अर्थ काय, आणि ‘हंगामी सण’ असे म्हटले तर चालेल का.

प्रश्न ऐकून मला फार आनंद झाला, कारण ‘साजरा’ हा माझ्या अतिशय आवडीचा शब्द आहे. आपण तो रोज वापरतो आणि त्याच्याकडे कधी पाहत नाही.

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आठवा. तिथे साजरे म्हणजे देखणे, शोभून दिसणारे. साज, साजणे, साजेसा, साजशृंगार ही सगळी त्याच घरातली मंडळी. ‘तिला हा रंग साजतो’ म्हणजे शोभतो. तेव्हा ‘सण साजरा करणे’ म्हणजे शब्दशः सण देखणा करणे, त्या दिवसाला साज चढवणे. म्हणीतला आणि सणातला साजरा हे दोन वेगळे शब्द आहेत असे पुष्कळांना वाटते. शब्द एकच आहे.

याचा पुरावा व्याकरणातही आहे आणि मला तोच सर्वांत गोड वाटतो. ‘फुले गोळा केली’ आणि ‘दिवाळी साजरी केली’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवा. फुले गोळा केली, पाने गोळा केली, वर्गणी गोळा केली. कर्म काहीही असो, ‘गोळा’ हलत नाही. तो क्रियापदाला चिकटून थिजला आहे. साजरा मात्र कर्माबरोबर बदलतो: सण साजरा केला, दिवाळी साजरी केली, वर्ष साजरे केले, वाढदिवस साजरे केले. ‘भिंत पांढरी केली’, ‘अंगण मोकळे केले’ यांतल्या विशेषणांसारखेच त्याचे वागणे आहे. म्हणजे साजरा हे आजही जिवंत विशेषण आहे. आपण ‘दिवाळी साजरी केली’ म्हणतो तेव्हा दिवाळी कशी केली हे सांगत असतो, फक्त तिकडे आपले लक्ष नसते.

वऱ्हाडात जा, तिथे ते लक्ष अजून आहे. अकोल्याकडच्या एका घरी मी पाहिलेले सांगतो. लग्नघर, सगळ्यांची धावपळ, आणि दारात एक आजी नातीला थांबवून तिच्या ओढणीची चुणी सरळ करत होत्या. चुणी बसली, आजींनी दोन पावले मागे सरकून नातीला पाहिले आणि म्हणाल्या, “आता कशी साजरी दिसून राह्यली!” तिकडे साजरा म्हणजे छान, चांगला, नजरेत भरणारा, माणसालाही लागतो आणि वस्तूलाही. मी पुण्या-मुंबईच्या मराठीत वाढलेला. माझ्या कानाला तोवर ‘साजरा’च्या पाठीमागे ‘करणे’ असायचेच. त्या दिवशी तो शब्द पहिल्यांदा मोकळा भेटला. तेव्हापासून ‘सण साजरा करणे’ ऐकले की मला ती सरळ केलेली चुणी आणि दोन पावले मागे सरकलेल्या आजी दिसतात. मुलांना सणाचा अर्थ सांगताना मी इथूनच सुरुवात करीन. तिथी आपली आपण येते, एकादशी सोमवारी ‘पडते’, चतुर्थी मंगळवारी ‘येते’. ही क्रियापदे तिथीची. साजरा ‘करणे’ हे मात्र माणसाच्या हातचे काम आहे.

आता पुण्यतिथीकडे वळतो. तुमच्या सहकाऱ्याला जे खटकले ते याच जिवंत विशेषणामुळे. साजराचा अर्थ पुरता विझला असता, तर पुण्यतिथी साजरी केल्याने कुणाच्या कानाला टोचले नसते. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात काही चूक नाही आणि सर्रास बोललेही जाते. पण कुणाच्या जाण्याच्या दिवसाला देखणे करायचे, ही कल्पना मनाला बोचते, म्हणून मीही तिथे ‘पाळणे’च वापरतो. पाळणे मध्ये जपणे आहे, नेम आहे. व्रत पाळतो, वचन पाळतो, पथ्य पाळतो, दुखवटा पाळतो. स्मृतिदिन त्याच ओळीत नीट बसतो.

एक अपवाद मात्र मनापासून नोंदवावासा वाटतो. संतांच्या बाबतीत मराठी माणसाने हा नियम कधी मानला नाही. कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत ज्ञानेश्वरांच्या संजीवन समाधीचा ‘सोहळा’ असतो. फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकाराम बीज, माघ वद्य नवमीला दासनवमी. या दिवसांना शोकाचे शब्द लागत नाहीत, ‘पुण्यतिथी उत्सव’ असे सरळ म्हणतात. तिथे देह ठेवण्याकडे पाहण्याची दृष्टीच वेगळी, म्हणून शब्दही वेगळा. तुमच्या भाषणात कुणाची पुण्यतिथी अभिप्रेत आहे त्यावर क्रियापद ठरवा.

तुम्ही विचारले नव्हते, पण ‘सण’ या शब्दाबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. सण हा ‘क्षण’ आहे! संस्कृतातल्या क्षणचे प्राकृतात ‘छण’ झाले आणि छणचे मराठीत सण. हा बदल एकट्या सणाचा नाही. संस्कृतातला क्ष प्राकृतातून येताना अनेक शब्दांत छ झाला आणि मराठीने त्या छचा स किंवा श केला: क्षुरिकेची सुरी झाली, ऋक्षाचा रीस म्हणजे अस्वल झाले. हिंदीत अजूनही छुरी आणि रीछ आहेत, त्यांत मधला छ स्पष्ट ऐकू येतो. पुढे आपण क्षण हा शब्द संस्कृतातून पुन्हा जसाच्या तसा उचलला. त्यामुळे एकच शब्द मराठीत दोनदा नांदतो, एकदा घड्याळात आणि एकदा पंचांगात.

पण पापणी लवेपर्यंत सरणाऱ्या क्षणाचा अर्थ ‘सण’ कसा झाला? तो मराठीत झालाच नाही, संस्कृतातच होता. अमरकोशात क्षण शब्दाचे अर्थ देताना तीन गोष्टी एका ओळीत आल्या आहेत: निर्व्यापार स्थिती, कालविशेष आणि उत्सव. निर्व्यापार म्हणजे हातात काम नसण्याची अवस्था, मोकळीक. हा अर्थ वाचला तेव्हा मी कोश मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो. हाताला उसंत, नेमकी वेळ आणि आनंद हे तिन्ही एकाच शब्दात. आपली ‘सुट्टी’ही सुटणे वरूनच आलेली, तीही मोकळीकच. सुट्टी आणि सण यांची आज आपण जी फारकत करतो, ती जुन्या क्षणात नव्हती.

उत्सव आणि पर्व यांचे थोडक्यात सांगतो. उत्सवात उद् म्हणजे वर आणि सू म्हणजे चालना देणे. हाच सू सवितामध्ये आहे, जगाला चालना देणारा सूर्य. सणातून प्रेरणा मिळते का हा तुमच्या भाषणाचा गाभा आहे. उत्सव शब्दात वर उठवणारी चालना मुळातच आहे, हे मुलांना जरूर सांगा. पर्व म्हणजे सांधा, वेताचे किंवा बांबूचे पेर. पौर्णिमा-अमावास्या हे महिन्याचे सांधे, म्हणून ती पर्वे. महाभारताची १८ पर्वे म्हणजेही त्या कथेची पेरेच. बांबूला बळकटी देणारी गाठ सांध्यावरच असते.

राहिले ‘हंगामी सण’. हे टाळा. हंगाम हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ वेळ, मोसम. पण मराठीत हंगामी म्हटले की तात्पुरता हाच अर्थ आधी मनात येतो: हंगामी कामगार, हंगामी अध्यक्ष. हंगामी सण म्हटले तर यंदापुरता सण वाटेल. ‘ऋतूंचे सण’ म्हणा, साधे आणि नेमके.

आपले सण ऋतूंना धरून राहतात, यामागे पंचांगाची मोठी खटपट आहे. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचे, सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. ही तूट तशीच साचू दिली असती तर होळी हळूहळू सरकत पावसाळ्यात पोचली असती. म्हणून साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून सण पुन्हा आपापल्या ऋतूत आणून ठेवतात. हिजरी कालगणनेत असा महिना नाही, म्हणून ईद सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येते. तेव्हा ‘ऋतूंचे सण’ या शीर्षकाखाली ईद घालू नका. तिच्यासाठी ‘सणवार’ हा मोठा शब्द आहे, त्यात सगळे मावतात.

तुमचे वाक्य मी असे करीन: “आपण सण साजरे करतो, जयंत्या साजऱ्या करतो आणि स्मृतिदिन पाळतो.” वर्गात वऱ्हाडाकडचे एखादे मूल असेल, तर भाषण सुरू करण्याआधी त्यालाच विचारा, साजरा म्हणजे काय.