हाइडसाठी जाळी घेताना: वाचकांचे प्रश्न, उत्तरांसह

दिवाळी झाली की माळावरच्या आणि पाणवठ्यावरच्या पक्ष्यांच्या फोटोग्राफीचे बेत सुरू होतात आणि ‘जाळी कोणती घेऊ?’ ही विचारणा सगळीकडून येऊ लागते. त्यातले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. आधीच सांगते, जाळीसाठी जेवढे पैसे बाजूला काढले असतील त्यातले निम्मेच तिच्यावर घाला. उरलेले हाइडच्या, म्हणजे पक्ष्यांना दिसू नये म्हणून आपण ज्यात लपून बसतो त्या आडोशाच्या, आतल्या बाजूसाठी लागणार आहेत.

प्रश्न (बारामती): सुप्याच्या माळावर धाविक, पखुर्डी आणि चंडोलांचे फोटो काढायचे आहेत. दुकानदार हिरवी, जंगल छापाची जाळी दाखवतो. घेऊ का?

नको. सुपे-मोरगावचा पट्टा कमी पावसाचा. तिथलं गवत हिरवं असतं ते पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवस. मग कुसळी पिवळी पडते, आणि फेब्रुवारी उजाडेपर्यंत गवतापेक्षा मुरूमच जास्त दिसतो. तुम्ही जाणार नेमके त्याच महिन्यांत. पिवळ्या माळावर हिरव्या जाळीचा ढीग मैलावरून उठून दिसेल. खाकी, मातकट किंवा वाळक्या गवताच्या रंगाची जाळी शोधा. पावसाळ्यात तिच्यावर चार हिरव्या फांद्या खोचता येतात, पण हिरव्या जाळीला उन्हाळी करता येत नाही.

छापाकडेही नीट बघा. बारीक पानांची नक्षी दुकानात हातात घेतल्यावर फार खरी वाटते, पण पंधरा मीटरवरून ती सगळी एकमेकांत मिसळते आणि एकच गडद गठ्ठा दिसतो. फिकट आणि गडद असे मोठे, वेडेवाकडे पट्टे असलेला छाप लांबूनही आकार मोडतो.

एक सोपी चाचणी आहे. जाळीचा तुकडा माळावर नेऊन झुडपावर टाका, वीस पावलं मागे या, मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. तुकडा मागच्या झुडपात विरला तर जाळी तुमच्या कामाची. पांढरा किंवा काळा डाग दिसला तर रंग कितीही जुळत असला तरी ती ठेवून द्या. रंगापेक्षा उजेड-गडदपणाचा मेळ जास्त महत्त्वाचा असतो, आणि तो नुसत्या डोळ्यांना चटकन कळत नाही.

शिवाय उघड्या माळावर उभी असलेली कुठलीही वस्तू पक्ष्याच्या नजरेत भरतेच. हाइड बांधाला, बाभळीला नाहीतर करवंदीच्या झुडपाला टेकवून लावा. त्याचा माथा आभाळावर उमटता कामा नये. मयूरेश्वर अभयारण्याच्या हद्दीत जाणार असाल तर वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीही ठोकू नका. खरं तर तिथे गाडीसारखं लपण नाही. इंजिन बंद करा, आणि तुमच्या पाठीमागच्या खिडकीला आतून काळं कापड लावा, म्हणजे तुमची आकृती उजेडावर उमटत नाही. माळावरचे पक्षी गाडीला जेवढं जवळ येऊ देतात, तेवढं चालत आलेल्या माणसाला कधीच येऊ देत नाहीत.

प्रश्न (पैठण): कापीव पानांची महागडी जाळी घेतली. जायकवाडीच्या काठावर सूर्य उगवायच्या आत जाऊन बसतो. तरीही शेकाटे आणि तुतवार चाळीस-पन्नास फुटांवर आले की थबकतात आणि मागे फिरतात. जाळी खराब आहे का?

जाळी चांगलीच असेल. माझा अंदाज असा की तुमच्या मागे उजेड आहे.

जुन्या वाड्याची जाळीदार खिडकी आठवा. दुपारी रस्त्यावरून आतलं काही दिसत नाही, कारण खोलीत अंधार असतो. रात्री आत दिवा लागला की घरातला माणूस न् माणूस दिसतो. खिडकी तीच असते, फक्त उजेड कुठल्या बाजूला आहे ते बदललेलं असतं. हाइडचंही तसंच आहे. समोर जाळी आणि पाठ उघडी, अशा रचनेत सकाळचं ऊन तुमच्या पाठीमागून येतं. तुम्ही मान वळवली, हात उचलला, की जाळीवर सावली हलते. पक्षी घाबरतो तो त्या हालचालीला.

म्हणून उरलेले पैसे आतल्या बाजूवर घाला म्हटलं. पाठीला, दोन्ही बाजूंना आणि डोक्यावर गडद, जाड कापड हवं. मांजरपाट घेऊन काळा किंवा गडद तपकिरी रंगवून घेतलात तर उत्तम. ते स्वस्त असतं, चमकत नाही आणि आवाज करत नाही. जाळी फक्त बाहेरून, त्या कापडावर सैल सोडलेली. तुम्ही बसायचं पुढच्या जाळीला नाक लावून नाही, तर हातभर मागे, अंधारात. अंगात गडद, पूर्ण बाह्यांचा शर्ट. चेहऱ्यावर आणि हातांवर काही नसेल तर अंधारातही तेच आधी चमकतात, तेव्हा पातळ गडद हातमोजे आणि तोंडावर कापड घ्या.

आता लेन्स. जाळीतूनच फोटो काढू नका. मोठ्या लेन्सच्या अगदी पुढे जाळी आली तर धागे दिसत नाहीत हे खरं, पण सगळं चित्र दुधाळ होतं. शिंप्याकडून पुढच्या कापडाला लवचीक पट्टी घातलेली एक बाही शिवून घ्या आणि लेन्स तिच्यात घाला. हूडचं (लेन्सच्या पुढे लावतात त्या नळकांड्याचं) तोंड बाहीच्या काठापर्यंतच आणा. लेन्स वीतभर बाहेर आली की तिची पुढची काच चमकते, आणि फोकस शोधताना ती इकडेतिकडे फिरते तेव्हा पक्ष्याला झुडपातून काहीतरी डोकावताना दिसतं.

आवाजाचंही बघायला हवं. कापीव पानांच्या स्वस्त जाळीची पानं प्लास्टिकचा लेप दिलेल्या कापडाची असतात, वाऱ्यावर ती सळसळतात आणि फडफडतात. दुकानात जाळी कानाशी धरून मुठीत चुरगाळा. चिप्सच्या पुडीसारखा आवाज आला तर नको. चमक तपासायला तीच जाळी सावलीत धरा आणि मोबाइलचा फ्लॅश मारून फोटो काढा. पानं पांढरी झळकली तर उन्हातही झळकणार. तुमची जाळी या दोन्हींत नापास झाली तरी टाकून देऊ नका. बाहेरून गोणपाटाच्या पट्ट्या सुतळीने बांधा आणि जाळीच्या कडांना ठिकठिकाणी दगड लावून ती ताणून धरा.

आणि हाइड एका पहाटेत उभा करू नका. आदल्या दिवशी पक्षी नसतील तेव्हा लावा, शक्य असेल तर दोन-तीन दिवस रिकामाच राहू द्या. जायकवाडीच्या काठावर मासेमारांची वर्दळ असते. त्यांच्या कुणाच्या तरी परवानगीने, त्यांच्या नेहमीच्या जागेजवळ लावलात तर पक्ष्यांना तो नवा वाटत नाही. हाइडपर्यंत दोघांनी जायचं आणि एकाने परत यायचं, म्हणजे आत कुणी उरलं नाही असं पक्ष्यांना वाटतं, ही जुनी युक्ती पाणपक्ष्यांवर कित्येकदा लागू पडते.

प्रश्न (लेस्टर, इंग्लंड): इथे कबुतरांच्या शिकारीसाठी हाइडची तयार जाळी आणि लोखंडी काठ्यांचा संच मिळतो. सुट्टीत भारतात येताना आणू का?

तिकडे शेतातल्या पिकांवर उतरणारी रानकबुतरं परवान्याखाली मारतात. शिकारी जमिनीवर नकली कबुतरं मांडतात आणि कुंपणाला लागून जाळी लावून तिच्यामागे बसतात. ती जाळी बंदूकवाल्यासाठी बनलेली असते. आतून चौफेर दिसावं आणि पटकन उठून वर नेम धरता यावा, म्हणून ती विरळ, छातीएवढी आणि वरून उघडी. आपल्याला नेमकं उलटं हवं: बंद, बुटकं, आणि लेन्सपुरतंच भोक असलेलं. शिवाय तिचे रंग इंग्लंडच्या हिरव्या-तपकिरी कुंपणांना जुळणारे असतात. सह्याद्रीत पावसाळ्यात आणि लगेच नंतर ते चालतील, देशावर नाही.

काठ्या मात्र जरूर आणा. उंची कमी-जास्त करता येणाऱ्या, पायाने दाबून जमिनीत रोवता येणाऱ्या काठ्या फार उपयोगी असतात. मुरमाड जमिनीत त्या वाकू शकतात, म्हणून सोबत छोटी पहार ठेवा.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही संपली. त्यामुळे ‘शूटिंग हाइड’ असं लिहिलेली पिशवी घेऊन माळावर उतरलात तर गावकरी आणि वनरक्षक दोघंही हटकतील, आणि त्यांनी हटकावंच. आधी गावात सांगून जा. लष्करी छापाचे कपडेही आणू नका. आपल्या लष्कराने २०२२ च्या लष्कर दिनी दाखवलेल्या गणवेशाच्या नमुन्याची नोंदणी करून घेतली आहे, आणि तसला छाप अंगावर घालून धरणाकाठी किंवा जंगलात फिरणाऱ्याची चौकशी होतेच. साधा मातकट शर्ट पुरतो.

प्रश्न (नाशिक): कृषी सेवा केंद्रातलं शेडनेट वापरलं तर?

चालतं, जपून. शेडनेट ५०, ७५, ९० टक्के अशा सावलीच्या प्रमाणात मिळतं. पन्नास टक्क्यांचं हाइडला निरुपयोगी, त्यातून सगळं आरपार दिसतं. नव्वदचं घ्या, आणि रंग हिरवा नको. नवं हिरवं शेडनेट पोपटी झळकतं, तसा हिरवा नांदूर मधमेश्वरच्या पाणथळीतही सापडणार नाही. काळं मिळालं तर आतल्या अस्तरासाठी ते मांजरपाटाला चांगला पर्याय आहे. वारा खेळता राहतो आणि मार्च-एप्रिलमध्ये जीव गुदमरत नाही. बाहेरून मात्र गोणपाटच. बारदानवाल्याकडे जुनी, मातीने मळलेली पोती मिळतात. ती उसवून, कडा विस्कटून लावलीत तर बाजारातल्या निम्म्या जाळ्यांपेक्षा सरस ठरतात.

प्रश्न (चिपळूण): घरामागच्या रानात पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं ठेवलं आहे. कस्तुर येतो, पावसाच्या तोंडावर नवरंगही दिसतो. तिथे कायमची जाळी लावून ठेवू का?

लपण कायमचं ठेवा, जाळी नको. कामट्यांचा सांगाडा करून त्यावर झावळ्या किंवा गवताचे पेंढे बांधा. कोकणातल्या पावसात नायलॉनच्या जाळीवर शेवाळ धरतं, आणि जमिनीवर लोळणाऱ्या कडेत सरडे, साप, खारी अडकतात. जाळीत अडकलेला साप सुटायला धडपडतो तितका धागा खवल्यांखाली रुततो. मासेमारीच्या आणि कुंपणाच्या जाळ्यांतून असे साप सोडवायला सर्पमित्रांना सतत बोलावणी येतात, आणि त्यातले सगळे वाचत नाहीत. जाळी वापरलीच तर खालची कड जमिनीपासून वीतभर वर दुमडून शिवून घ्या, आणि उठलात की घरी न्या. बसायच्या आधी काठीने आतला पाचोळा हलवून बघायचा. घोणस सावलीलाच येते.

रानात उजेड कमी असल्याने तुम्हाला पैठणच्या वाचकाइतकी रंग-चमकेची काळजी नाही. पाठीमागे एक काळी चादर टांगली तरी पुरे.

प्रश्न (सोलापूर): शेताच्या कडेला मुरमात टिटवीने अंडी घातली आहेत. अगदी जवळ बसता येईल अशी जाळी सुचवा.

अशी जाळी मी सुचवणार नाही. जाळी कितीही चांगली असली तरी ती लावताना आणि काढताना तुम्ही घरट्याजवळ जाणारच, आणि तेवढा वेळ टिटवी अंड्यांवरून उठलेली असणार. सोलापूरच्या उन्हात पक्षी अंड्यांवर बसतो तो ती तापू नयेत म्हणून. टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. दुपारी थोडा वेळ जरी तिला तुम्ही दूर ठेवलंत तरी आतला गर्भ मरू शकतो. वर कावळे बघत असतातच. माणूस कुठे वाकून बघतो ते त्यांना बरोबर कळतं.

कायद्यातही पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणं हे शिकारीच्या व्याख्येतच मोडतं. कॅमेरा हातात असला म्हणून त्यातून सूट नाही.

तुमचंच शेत आहे, तेव्हा खूप काही करता येईल. कुळवणी असेल तर तेवढा तुकडा सोडा आणि गड्याला जागा दाखवून ठेवा. शेतातल्या डबक्यापासून लांब, झाडाच्या सावलीत, वर सांगितल्यासारखा अंधारा हाइड लावा. टिटवी पोट भिजवायला तिथे आली तर तो फोटो घरट्यावरच्या फोटोपेक्षा कितीतरी जास्त सांगेल. त्या पाण्यावर दुसरे पक्षीही अवलंबून असतील. पखुर्ड्या सकाळी पाण्यावर उतरतात, आणि पिल्लांच्या दिवसांत नर पोटाच्या पिसांत पाणी भरून नेतो. हाइड बघून थवा वरच घिरट्या घालू लागला आणि खाली उतरेना, तर त्या दिवसापुरतं आवरून निघा आणि पुढच्या वेळी हाइड आणखी मागे घ्या.

आणि जाळी व कापड धुताना उजळपणा आणणारी पावडर वापरू नका. तिच्यातली रसायनं उन्हातले अतिनील किरण शोषून निळसर झळकतात. पक्ष्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी चार प्रकारच्या असतात, आणि कित्येकांना अतिनीलही दिसतं, म्हणून आपल्याला मळकट वाटणारं कापड त्यांना वेगळंच दिसू शकतं. साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवा, आणि घडी घालण्याआधी कुसळं वेचून काढा, नाहीतर पुढच्या खेपेला जाळी उलगडताना सगळी एकमेकांत गुंतलेली सापडेल.