पगार १७ हजार, ऑपरेशन दहा दिवसांवर: पैसे कुठून उभे करायचे?

तुमचा प्रश्न नीट वाचला. वडील ६४ वर्षांचे, ॲन्जिओप्लास्टी सांगितली आहे, खाजगी हॉस्पिटलने १ लाख ६० हजारांचा अंदाज दिलाय आणि तारीख दहा दिवसांनंतरची आहे. तुम्ही एमआयडीसीत कामाला, पगार १७ हजार, हातात १४ हजार. घरात बायकोचं मंगळसूत्र आणि आईच्या दोन पाटल्या. शेजारी सावकाराचं नाव सुचवतात, मित्र मोबाईलवरचं लोन ॲप दाखवतोय.

मी एका सहकारी बँकेत सोनेतारण कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काम करते. तुमच्यासारखी माणसं रोज समोर बसतात. त्यातली बरीचशी आधी सावकार, मग ॲप आणि शेवटी बँक अशा उलट्या क्रमाने येतात, आणि तोवर दागिन्याची निम्मी किंमत जुनं देणं भागवण्यातच जाते. म्हणून तुम्ही आधी विचारलंत याचं मला फार बरं वाटलं.

माझं म्हणणं एकच आहे. १ लाख ६० हजार कुठून आणायचे हा प्रश्न दोन दिवस बाजूला ठेवा आणि ही रक्कम किती खाली येऊ शकते ते बघा. उसनवारीची वेळ त्यानंतर येईल.

सगळ्यात आधी तुमचं पगारपत्रक काढा आणि कपातीच्या रकान्यात ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, आहे का बघा. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या आणि कायदा लागू असलेल्या कारखान्यातल्या कामगाराचे पाऊण टक्का कापले जातात, म्हणजे तुमच्या पगारावर सव्वाशेच्या आसपास. मालक सव्वातीन टक्के भरतो. हे पैसे वर्षानुवर्षं कापले जातात आणि कामगाराला वाटतं की यातून फक्त खोकल्याच्या गोळ्या मिळतात. खरं तर कामगारावर अवलंबून असलेले आईवडीलही यात येतात आणि हृदयाचे उपचार ईएसआयने जोडून घेतलेल्या मोठ्या हॉस्पिटलात होतात. तुमची वर्गणी किती काळ भरली गेली आहे आणि वडिलांचं नाव कुटुंबात नोंदवलेलं आहे का, या दोन गोष्टींवर ते अवलंबून आहे. नाव नसेल तर उद्या सकाळी कंपनीच्या एचआरमध्ये उभं राहून घालून घ्या. तिथून ईएसआयच्या दवाखान्यात जा, फाईल दाखवा, रेफरल म्हणजे मोठ्या हॉस्पिटलात पाठवण्याची चिठ्ठी मागा. हे जमलं तर तुमचा प्रश्न बहुतेक इथेच सुटतो.

ईएसआय नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. लोक अजून 'जीवनदायी'च म्हणतात, त्यामुळे चौकशी करताना दोन्ही नावं घ्या. आधी ती पिवळ्या-केशरी रेशनकार्डांपुरती होती, आता पांढऱ्या कार्डालाही लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. ॲन्जिओप्लास्टी त्यात बसते. पण हॉस्पिटल योजनेत असायला हवं. तुमचं हॉस्पिटल नसेल तर त्याच शहरातलं दुसरं असण्याची शक्यता मोठी आहे. १५५३८८ या नंबरवर फोन करून जिल्ह्यातल्या हॉस्पिटलांची नावं विचारा आणि तिथे गेल्यावर डॉक्टरांच्या आधी 'आरोग्यमित्रा'चं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल शोधा. रेशनकार्ड, आधार आणि तपासण्यांची फाईल जवळ ठेवा. एक गोष्ट पक्की लक्षात असू द्या. या योजनेत मंजुरी आधी घेतात आणि पैसे परस्पर हॉस्पिटलला जातात. तुम्ही आधी रोख भरून मोकळे झालात तर नंतर ते परत मागत फिरण्यात अर्थ नाही. (हे वाचणाऱ्या ज्यांच्या घरी सत्तरी ओलांडलेलं माणूस आहे त्यांनी आयुष्मानचं वय वंदना कार्ड काढून ठेवावं, त्याला उत्पन्नाची अट नाही.)

तिसरी वाट धर्मादाय हॉस्पिटलांची. महाराष्ट्रात ट्रस्टच्या अनेक मोठ्या हॉस्पिटलांना सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना निम्म्या बिलात द्याव्या लागतात. सध्या उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार आहे. तुमचा पगार वर्षाला २ लाख ४ हजार होतो. घरात दुसरी मोठी कमाई नसेल तर तुम्ही दुर्बल घटकात बसता, म्हणजे सवलत मिळाल्यास बिल अर्ध्यावर येतं. यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तेव्हा उद्याच सेतूत अर्ज टाका. मुख्यमंत्री सहायता निधीलाही हाच दाखला मागतात. हॉस्पिटलात गेल्यावर बिलिंगच्या खिडकीवर विनवण्या करू नका, तिथल्या माणसाच्या हातात काही नसतं. वैद्यकीय समाजसेवकाला भेटा आणि 'दुर्बल घटकाच्या खाटेसाठी अर्ज द्यायचा आहे' असं सरळ सांगा. भीक मागितल्यासारखं वाटून घेऊ नका, हा तुमचा हक्क आहे.

आणि समजा यातलं काहीच जमलं नाही, त्याच खाजगी हॉस्पिटलात जायचं ठरलं, तरी अंदाजपत्रक फोड करून मागा. स्टेंटच्या, म्हणजे रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीच्या, किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे आणि बिलात स्टेंटची कंपनी व किंमत वेगळी दाखवावी लागते. 'पॅकेज' म्हणून एकच आकडा देत असतील तर स्टेंट किती, किती स्टेंट धरलेत, जनरल वॉर्ड धरलाय की सेमी प्रायव्हेट, एवढं विचारा. वॉर्ड बदलला की डॉक्टरांची फीसुद्धा खाली येते, हे अनेकांना माहीतच नसतं. डॉक्टरांना मात्र एक प्रश्न स्पष्ट विचारा: किती दिवस थांबता येईल? ते थांबू नका म्हणाले तर हॉस्पिटल बदलण्याच्या नादात वेळ घालवू नका.

आता उरलेल्या रकमेचं बघू.

आधी स्वतःचे अडकलेले पैसे. पीएफ कापला जात असेल तर आजारपणासाठी नोकरी चालू असतानाही काढता येतो, आईवडिलांच्या आजारासाठीही. ५ लाखांपर्यंतचे असे दावे २०२५ पासून कॉम्प्युटरच तपासून निकाली काढतो, त्यामुळे सगळं जुळत असेल तर काही दिवसांत पैसे खात्यात येतात. अडतं ते 'सगळं जुळत असेल तर' इथे. आधारवर वडिलांचं नाव मधे आहे, पीएफला नाही, जन्मतारखेत फरक आहे, बँक खातं जुनंच आहे, अशा फुटकळ कारणांनी दावे परत येतात. आज रात्रीच यूएएन, म्हणजे पीएफच्या नंबरावरचं ऑनलाइन खातं, उघडून तपासा. एलआयसीची पॉलिसी काही वर्षं भरली असेल तर ती मोडू नका, तिच्यावर कर्ज काढा. सरेंडर किमतीच्या, म्हणजे आज मोडली तर मिळेल त्या रकमेच्या, ९० टक्क्यांपर्यंत मिळतं आणि विमाही चालू राहतो. कंपनीत कामगारांची पतसंस्था असेल आणि तुम्ही सभासद असाल तर 'आकस्मिक कर्ज' नावाचा प्रकार असतो, रक्कम लहान पण मिळतं लवकर. पगारातून उचलही मागा. बायको बचत गटात असेल तर तिथेही शब्द टाका. दोन टक्के महिना ऐकायला जड वाटतं, पण ते व्याज गटातच राहतं आणि पाच-दहा हजारांसाठी त्या बायका दाखल्यांचा ढीग मागत नाहीत. भिशी असेल तर या महिन्याचा नंबर आपल्याला द्यावा असं सगळ्यांसमोर सांगा. दवाखान्याचं कारण असलं की सहसा कोणी नाही म्हणत नाही.

मग सोनं. इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण हे माझं रोजचं काम आहे.

दागिना मोडू नका, तारण ठेवा. सराफाकडे मोडताना घट जाते, घडणावळ तर गेलेलीच असते, आणि परत करायला गेलात की नव्या दराने घडणावळ आणि जीएसटी. तारणात दागिना तोच आणि तसाच परत मिळतो.

बँकेत काय होतं ते सांगते. आमचा सोनार दागिना आधी कसोटीवर घासतो, त्यावर आम्ल टाकून कस बघतो, मग वजन करतो. मंगळसूत्राचं एकूण वजन १८ ग्रॅम भरलं तरी काळे मणी, दोरा आणि वाट्यांमधली लाख वजा होते. धरा, निव्वळ सोनं १५.५ ग्रॅम. हिशेबापुरता दर ग्रॅमला ९,००० घेऊ, म्हणजे किंमत १ लाख ३९ हजार ५००. त्याच्या ७५ टक्के म्हणजे १ लाख ४ हजारांच्या आसपास कर्ज. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोनेतारणाचे नियम नव्याने घातले, त्यात अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला ८५ टक्क्यांपर्यंत मुभा दिली आहे आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची शेवटची तारीख ठेवली होती. मात्र वर्षाने एकरकमी फेडायचं कर्ज असेल तर ही टक्केवारी वर्षाचं व्याज धरून मोजतात, म्हणून हातात थोडं कमी पडतं. वजन आणि कस तुमच्या समोरच व्हायला हवा आणि पावतीवर एकूण वजन, निव्वळ वजन, कस आणि दागिन्याचं वर्णन हवं. पाटल्यांच्या पावतीवर 'सोन्याचे दागिने' एवढंच लिहिलेलं असेल तर सही करू नका.

मंगळसूत्र देताना बायकांचा जीव तुटतो, ते मी बघते. बऱ्याच जणी वाट्या काढून घेतात, काळ्या पोतीत ओवून तिथेच गळ्यात घालतात आणि बाकीचा सर तारण ठेवतात. चालतं. पण पाटल्यांवर काम भागत असेल तर मंगळसूत्राला हात लावू नका असंच मी सांगेन. गरजेपेक्षा जास्त कर्जही उचलू नका, 'मिळतंय तर घेऊन ठेवू' म्हणून घेतलेले वीस हजार महिन्यात कुठे जातात कळत नाही.

व्याजाचा हिशेब बघा. ८० हजारांवर बँकेचं वर्षाला १० टक्के धरलं तर महिन्याला ६६७ रुपये. तुमच्या शेजाऱ्याचा सावकार महिना शेकडा पाच घेत असेल तर त्याच ८० हजारांवर महिन्याला ४,०००, आणि मुद्दल जागेवरच. १७ हजारांच्या पगारात ते झेपणार नाही. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेती कर्जावर वर्षाला तारण असेल तर १५ आणि विनातारण १८ टक्क्यांची मर्यादा ठरवून दिलेली आहे. महिना पाच म्हणजे वर्षाला साठ. असा सावकार कोरे चेक आणि स्टॅम्प पेपर मागतो, तिथेच उठा. आधीच अडकला असाल तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार करता येते.

ॲपबद्दल तर मी हात जोडून सांगते. सात दिवसांचं कर्ज, ३० हजार मंजूर, 'प्रोसेसिंग'चे कापून खात्यात जेमतेम वीस-बावीस, आणि आठव्या दिवसापासून तुमच्या फोनमधल्या सगळ्या नातेवाइकांना घाणेरडे मेसेज. वडील आयसीयूत असताना हे झेपेल का, विचार करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कर्ज देणाऱ्या ॲपला तुमची फोनबुक किंवा फोटो बघायची परवानगीच नाही. त्याने ती मागितली की तो चोर समजा. कर्ज कोणती बँक किंवा वित्त कंपनी देते आहे आणि वर्षाचा एकूण खर्च किती टक्के, हे आधी लेखी दाखवणं सक्तीचं आहे. त्रास सुरू झाला असेल तर १९३० वर फोन करा.

नातेवाइकांकडे मागायला लाज वाटते असं तुम्ही लिहिलंय. एकाकडे ५० हजार मागण्यापेक्षा दहा जणांकडे पाच-पाच हजार मागा. व्हॉट्सॲपवर ग्रुपमध्ये टाकू नका, एकेकाला फोन करा, हॉस्पिटलचं नाव आणि रक्कम सांगा, कोणत्या महिन्यात परत देणार तेही सांगा, आणि त्या महिन्यात द्या. उशीर होणार असेल तर त्यांचा फोन यायच्या आधी तुमचा जाऊ द्या. मामा किंवा आत्यांनी 'राहू दे रे' म्हटलं तरी वहीत नोंद ठेवा.

ऑपरेशन झाल्यावर सोनं विसरू नका. वर्षाअखेरीस एकरकमी फेडू म्हणणारे बहुतेक जण तेव्हा व्याजसुद्धा भरू शकत नाहीत आणि मग लिलावाची नोटीस निघते. दर महिन्याला पगाराच्या दिवशी हजार-पाचशे भरत राहा, बँक घेते. कर्ज फिटलं की दागिना सात कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवा, नाहीतर नव्या नियमात बँकेला दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.

जिल्हा कोणता आणि पगारपत्रकावर ईएसआय, पीएफ दोन्ही आहे का, एवढं खाली लिहा. आज रात्री मी बघेन आणि उद्या सकाळी आधी कुठे जायचं ते सांगेन.