बौद्धिक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांची इंटर्नशिप: एकाच विभागात ठेवावं की फिरतं?

फिरतं ठेवा. अमेरिकेत सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात १९९६ साली सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट सर्च’ या अशाच विद्यार्थ्यांसाठीच्या इंटर्नशिप कार्यक्रमात शालेय वर्षभरात वेगवेगळ्या विभागांत साधारण १० आठवड्यांचे तीन टप्पे असतात. एकाच जागी वर्ष काढलं तर मुलाला नेमकं काय जमतं ते कळतच नाही.

बहुतेक ठिकाणी गाडी अडते ती काम सांगण्यात. ‘स्टोअरमध्ये मदत कर’ हे काम नव्हे. ‘ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात हातमोज्यांचे ४ बॉक्स, लेबल बाहेरच्या बाजूला’ असं फोटोसह तक्त्यावर लावा. जॉब कोच, म्हणजे कामाच्या जागी विद्यार्थ्याला काम शिकवणारा प्रशिक्षक, सुरुवातीला शेजारी, मग हळूहळू लांब. तो चिकटून राहिला तर विद्यार्थी प्रत्येक पायरीला त्याच्याकडे बघत थांबतो. सूचना देणारा सुपरवायझर मात्र एकच हवा. आणि कृपा करून वर्षभर नुसत्या झेरॉक्स काढायला बसवू नका!