बॉम्ब निष्क्रिय होतो की निकामी?

प्रश्न दोन आहेत. ‘पोलिसांनी बॉम्ब निष्क्रिय केला’ हे बरोबर की ‘निकामी केला’? आणि अ‍ॅपमधल्या ‘डिअ‍ॅक्टिव्हेट’ला मराठीत काय म्हणावं?

पहिल्याचं उत्तर निकामी. निष्क्रिय म्हणजे सध्या काही करत नसलेला. पिशवीत गुपचूप पडून राहिलेला जिवंत बॉम्बही निष्क्रियच असतो, म्हणून तर पथकाला धावावं लागतं! डिटोनेटर काढला, तारा सोडवल्या, आता तो फुटूच शकत नाही, की झाला निकामी. वाहिन्यांवरचं ‘बॉम्ब डिफ्यूज केला’ मात्र ऐकवत नाही. डिफ्यूज म्हणजे पसरवणं. फ्यूज काढायचा तो ‘डीफ्यूज’. एका वेलांटीत बॉम्ब गावभर!

आता खरी गंमत. ‘निकामी’ हा फारसी ‘नाकाम’चा अवतार आहे, असं काही जाणकार छातीठोकपणे सांगतात. साफ चूक. फारसीतला ‘काम’ म्हणजे इच्छा, मनोरथ. ‘कामयाब’ म्हणजे मनोरथ पुरा झालेला, नोकरी लागलेला नव्हे. हा काम आपल्या संस्कृत ‘काम’चा सख्खा भाऊ, म्हणजे ‘नाकाम’चं नातं जुळतं ते ‘निष्काम’शी. आपलं रोजचं ‘काम’ वेगळ्याच घरचं: संस्कृत कर्म, प्राकृत कम्म, मराठी काम. जसं चर्म, चम्म, चाम. घर्म, घम्म, घाम. पुरावा हवा तर हिंदी ‘निकम्मा’ बघा, त्यात प्राकृतातला जोड ‘म्म’ अजून शाबूत आहे. शिवाय फारसीत ‘नाकामी’ हे नाम आहे, अपयश या अर्थाचं. आपलं ‘निकामी’ विशेषण. एवढं व्याकरण तरी बघायचं!

म्हणजे निष्काम माणसाची इच्छा गेलेली असते, कर्म चालू असतं. निकामी वस्तूचं कर्मच गेलेलं असतं. उद्या कुणी ‘बॉम्ब निष्काम केला’ असं छापलं, तर त्याला फुटायची वासना उरली नाही एवढाच अर्थ निघेल. (पथकाचं सरकारी नाव ‘बॉम्ब शोधक व नाशक’. नाशक कशाला? ‘निकामीकरण’ लिहायला जीभ वळली नसावी.)

‘निष्क्रिय’ टाकाऊ नाही, त्याची जागा बँकेत आहे. दोन वर्षं खातेदाराने व्यवहार केला नाही की बचत खातं निष्क्रिय होतं. केवायसी दिलं की पुन्हा चालू. आधारशी न जोडलेली पॅन कार्डं जुलै 2023पासून निष्क्रिय झाली, तीही 1000 रुपये भरून जागी करता येतात. कायमचं निकामी झालेलं मूत्रपिंड असं जागं होत नाही. रसायनशास्त्रातले निष्क्रिय वायूसुद्धा पुरते निकामी नव्हेत: 1962मध्ये रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांनी त्यांतल्या झेनॉनचं संयुग बनवून दाखवलंच.

हां, ते अ‍ॅपचं राहिलं. खातं असेल तर ‘निष्क्रिय करा’, बाकी सगळीकडे ‘बंद करा’. ‘लोकेशन अक्षम करा’ असं लिहिणाऱ्यांशी मी बोलत नाही.